पंधरा पट्ट्यांची घडी

न्यू जर्सीच्या गार्डमध्ये मी बावीस वर्षं काढली. त्यातली शेवटची सहा फ्यूनरल ऑनर्स टीममध्ये. हुद्दा सार्जंट फर्स्ट क्लास. आडनाव कुलकर्णी, पण ते तिकडे कोणाच्या जिभेवर बसेना म्हणून मी सगळ्यांची सार्जंट के. गार्ड म्हणजे राज्याचं राखीव सैन्य. महिन्यातून एक वीकेंड आणि उन्हाळ्यात दोन आठवडे वर्दी, बाकीचे दिवस आपापली नोकरी. मी एडिसनला स्कूल बसच्या डेपोत गाड्या सोडणारी डिस्पॅचर होते, अजूनही आहे. माझा आवाज त्यामुळेच मोठा आहे. तो हळू कर असं मला सांगायच्या भानगडीत कोणी पडू नये.

ऑनर्स टीमचं काम काय, हे आमच्या महाराष्ट्र मंडळातल्या काकूंना अजून नीट कळलेलं नाही. दोघीतिघींना वाटतं मी बँडमध्ये होते. तर सांगते. माजी सैनिक वारला की त्याच्या दफनाला वर्दीतली माणसं जातात. शवपेटीवर देशाचा झेंडा पसरलेला असतो. तो उचलायचा, त्याची त्रिकोणी घडी घालायची, आणि गुडघ्यावर बसून घरच्यांच्या हातात द्यायची. बस, एवढंच. सगळं मिळून बारा-तेरा मिनिटं.

आई म्हणायची, "एवढी बंदूक चालवायला शिकलीस, आणि शेवटी घड्याच घालत बसलीस होय गं?"

खोटं नव्हतं ते. आईबरोबर मी लहानपणापासून साड्यांच्या घड्या घातल्यात. एक टोक तिच्याकडे, एक माझ्याकडे, ताणून धरायची, काठाला काठ लावायचा, आणि एकमेकींकडे चालत यायचं. झेंड्याचंही असंच दोघांचं काम आहे. आधी लांबीला दोनदा दुमडून त्याची लांब पट्टी करायची. मग एकानं पट्ट्यांच्या टोकाकडून त्रिकोणी घड्या घालत पुढे यायचं, दुसऱ्यानं चांदण्यांचं निळं टोक धरून ताण द्यायचा. तेरा घड्या. शेवटी निळं टोक आत खोचायचं. पुऱ्या झालेल्या घडीत फक्त निळं दिसलं पाहिजे. लाल पट्टा नखभर जरी बाहेर राहिला तरी ती घडी चुकली. घरच्या लोकांना ती घडी जन्मभर काचेच्या पेटीत बघायची असते, म्हणून चुकायचं नाही.

घड्या मी मराठीत मोजायचे. मोठ्यानं मोजलं तर घरच्यांना कवायत वाटते, म्हणून ओठांतल्या ओठांत मोजतात. माझ्या टीमनं ते उचललं. माझ्या टीममधल्या सगळ्यांना मराठीतले आकडे तेरापर्यंत येतात. चौदा कोणालाही येत नाही.

घडी घालणारी माझी जोडी म्हणजे रुईझ आणि ब्रँट. सार्जंट रुईझ पर्थ ॲम्बॉयचा, ॲम्ब्युलन्सवर काम करायचा, बारीक अंगाचा आणि तोंडाळ. ब्रँट हुद्द्यानं स्पेशलिस्ट, दक्षिण जर्सीचा, धंद्यानं प्लंबर, दाराची चौकट भरेल एवढा, आणि बोलायला मंद. ब्रँट पट्ट्यांच्या टोकाला, रुईझ निळ्या टोकाला. चार वर्षं त्यांनी एकत्र घड्या घातल्या. रुईझच्या मुलीच्या बारशाला ब्रँटनं त्यांच्या बाथरूमचा नळ बदलून दिला होता, भेट म्हणून.

मग निवडणूक आली. कोणती, ते सांगत नाही, मंडळातसुद्धा त्यावरून दोन गट आहेत. एका सकाळी व्हॅनमध्ये दोघांची जुंपली. आधी मुद्द्यांवर, मग एकमेकांच्या बापावर. मी गाडी बाजूला लावायला लावली आणि ऑर्डर दिली, "माझ्या व्हॅनमध्ये राजकारण बंद. एक शब्द नको." त्यांनी ऑर्डर इतकी पाळली की बोलणंच बंद केलं. सहा महिने. पुढच्या सीटवर मी, मागे ते दोघं.

"सार्जंट के, ब्रँटला सांगा खिडकी लावायला."

"सार्जंट के, रुईझला सांगा हीटर चालू आहे."

अरे यार, माझा काय पोस्टमन केलाय का! पण पेटीपाशी उभे राहिले की चूक होत नव्हती. हातांना सवय होती, म्हणून मी चालू दिलं. ती माझी चूक.

एप्रिलमध्ये ड्यूटीचा कागद आला. न्यूयॉर्क राज्याच्या अगदी उत्तरेला, तळ्याकाठच्या एका लहानशा गावात गटार खणताना हाडं सापडली होती. आठ जणांची, एकमेकांत मिसळलेली. सोबत वर्दीची बटणं. बटणांवरच्या पलटणीच्या आकड्यावरून कळलं की ती १८१२ च्या लढाईतली माणसं होती, आणि ती पलटण न्यू जर्सीत भरती झालेली होती. म्हणून न्यू जर्सीची टीम बोलावली. एक शवपेटी, एक झेंडा, पूर्ण मानवंदना.

आम्ही दफनाच्या आदल्या दिवशी सकाळी ०६०० ला निघालो, दुपारी १४०० ला पोचलो. सहा जणांची टीम, शिवाय लेफ्टनंट पीअर्स. त्याला ऑनर्समध्ये दीड महिनाच झाला होता, आणि रेग्युलेशनचं पुस्तक तो बगलेत धरूनच हिंडायचा. मुलगा चांगला होता, पण पुस्तकात नसलेली गोष्ट समोर आली की त्याचे कान लाल व्हायचे.

गावात आमची सोय मिसेस डॉयल यांनी केली होती. वय एक्याऐंशी, इतिहासाच्या निवृत्त शिक्षिका. हाडं दिसली त्या दिवशी या बाई खणायच्या मशीनसमोर खुर्ची टाकून बसल्या होत्या. पुढे दोन वर्षं त्यांनी सगळ्या ऑफिसांना पत्रं लिहून जीव नकोसा केला, तेव्हा हे दफन ठरलं. त्यांनी आम्हाला चर्चच्या हॉलमध्ये सूप आणि ब्रेड वाढला, आणि वाढता वाढता वर्ग घेतला. रुईझ टेबलाच्या एका टोकाला होता, ब्रँट दुसऱ्या.

"तुम्हाला वाटत असेल, तेव्हा सगळा देश एक होऊन लढला," त्या म्हणाल्या. "छे! निम्म्या देशाला ती लढाई नकोच होती. ब्रिटिश भर समुद्रात आपली जहाजं अडवून खलाशी पळवत होते, म्हणून अध्यक्षांच्या पक्षानं लढाई पुकारली. दुसरा पक्ष म्हणाला, यानं व्यापार बुडेल, देश बुडेल. काही गव्हर्नरांनी आपल्या राज्याची मिलिशिया, म्हणजे तेव्हाचं गार्ड, द्यायलाच नकार दिला. काही मिलिशिया सरहद्दीच्या नदीपर्यंत गेली आणि काठावर उभी राहिली. पलीकडे ब्रिटिशांचा कॅनडा. म्हणाले, आम्ही घर राखायला आलोय, दुसऱ्याच्या देशात घुसायला नाही."

"पलीकडे लढाई चालू असताना?" ब्रँटनं विचारलं.

"चालू असताना. दिसत होती त्यांना."

ब्रँटनं चमचा खाली ठेवला.

"तुमच्या जर्सीतही तेच," बाई म्हणाल्या. "एकाच घरात दोन पक्ष. या आठांतही दोन्हीकडचे असतील. लढाई हवी म्हणून आलेले, आणि दुसरं काही काम नव्हतं म्हणून आलेले. हिवाळ्यात इथे तंबूत राहिले, आजारी पडले, गेले. हाडांवर गोळीची एक खूण नाही."

रुईझनं विचारलं, "मग त्या दोन पक्षांचं मिटलं कधी, मॅम?"

"मिटलं नाही. लढाई संपली, मग दुसऱ्या कशावरून तरी भांडायला लागले." त्यांनी त्याला आणखी सूप वाढलं. "खा. बारीक आहेस."

जाताना त्या म्हणाल्या, झेंडा मी दिलाय, उद्या पेटीपाशी ठेवलेला असेल. मी म्हटलं, ठीक आहे, मॅम. झेंडा कुठला, केवढा, हे मी विचारलं नाही. आमच्यापैकी कोणीच विचारलं नाही.

याला कारण आहे. कुठल्या पुस्तकात लिहिलेला नाही, पण आमच्या टीमचा एक पक्का नेम होता. ज्याच्यासाठी झेंडा आला, त्याच्या पेटीवरच तो पहिल्यांदा उघडायचा. सराव करायचा तो सरावाच्या झेंड्यावर. आमचा सरावाचा झेंडा मळून पिवळा पडला होता. मेलेल्या माणसाच्या झेंड्यावर हात साफ करायचा नाही. माझ्या आधीच्या सार्जंटनं मला हे शिकवलं, मी यांना शिकवलं. झेंडे सगळे एकाच मापाचे येतात, त्यामुळे आधी उघडून बघायची गरज कधी पडलीच नव्हती.

सकाळी ०७४० ला आम्ही चर्चच्या हॉलमध्ये गेलो. पेटी साधी, देवदाराची, नेहमीपेक्षा आखूड. आत फक्त हाडं होती. शेजारी टेबलावर कागदात गुंडाळलेला झेंडा. रुईझ आणि ब्रँटनं तो पेटीवर उलगडला.

मी पट्टे मोजले. परत मोजले.

पंधरा. चांदण्याही पंधरा. कापड लोकरीचं, घोंगडीसारखं जाड. शिवण सगळी हातानं घातलेली. लांबीला आमच्या झेंड्यापेक्षा दोन-अडीच फूट कमी.

मागे मिसेस डॉयल उभ्या होत्या. "तेव्हा पंधराच होते," त्या म्हणाल्या. "राज्यं वाढली म्हणून पट्टे वाढवले होते. नंतर परत तेरा केले. पण ही पोरं गेली ती पंधरा पट्ट्यांखाली. अख्खा हिवाळा शिवत होते मी."

त्यांच्या दोन्ही अंगठ्यांना पट्ट्या होत्या. आदल्या दिवशी सूप वाढताना मी त्या पाहिल्या होत्या आणि म्हाताऱ्या माणसाचं काहीतरी असेल म्हणून सोडून दिलं होतं.

लेफ्टनंट पीअर्सचे कान लाल झाले. त्यानं मला बाजूला घेतलं. "सार्जंट, हा रेग्युलेशन झेंडा नाही. व्हॅनमध्ये आपला आहे."

"येस, सर."

"याची घडी बसेल?"

"माहीत नाही, सर."

त्यानं पुस्तक उघडलं, मिटलं. शाबास त्याची, तो मिसेस डॉयलकडे एकदा बघून मला म्हणाला, "पेटी १००० ला हलणार. ०९३० पर्यंत मला लाल न दिसणारी घडी दाखवा. बसली तर हा झेंडा. लाल दिसलं तर व्हॅनमधला."

मिसेस डॉयलनी ते ऐकलं. भिंतीपाशी जाऊन खुर्चीवर बसल्या आणि पर्स मांडीवर ठेवली.

घडी दाखवायची म्हणजे आधी घालून बघायची. म्हणजे त्या आठांच्या अंगावरून झेंडा काढून त्यावर सराव करायचा. मी ऑर्डर दिली, "उचला."

ब्रँट हलला नाही. "सार्जंट के, हा त्यांचा आहे. तुम्हीच शिकवलंय."

"मीच शिकवलंय. उचल."

"नाही, सार्जंट. हे बरोबर नाही."

सहा महिन्यांत पहिल्यांदा रुईझ त्याच्याशी थेट बोलला. "ब्रँट, त्या बाईचे अंगठे बघ."

ब्रँटनं बघितलं. मग त्यानं पट्ट्यांचं टोक धरलं.

पहिली खेप ०८१०. एक, दोन, तीन, ओठांतल्या ओठांत. दहाव्या घडीला निळं संपत आलं. अकरावीला खोचायला टोकच उरलं नाही. दोन बोटं लाल बाहेर. दुसरी खेप ०८२२. घडी मोठी घेतली, तर कोपरा तिरका गेला. लाल एक बोट. तिसरी खेप दुसरीहून वाईट. लोकर जाड असल्यामुळे प्रत्येक घडी थोडं कापड खात होती, आणि रुईझ त्याच्या टोकाकडून खेचत होता. नेहमीच्या सुती झेंड्यावर हे कळलं नसतं. या झेंड्यावर सहा महिन्यांचं सगळं दिसायला लागलं.

"खेचू नकोस," ब्रँट म्हणाला.

"तू वेडीवाकडी घालतोस म्हणून खेचतोय."

"तू खेचतोस म्हणून वाकडी जाते!"

मी घड्याळ बघितलं. ०८४०. मिसेस डॉयल पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या. चाळीस-पन्नास दफनं केली होती मी, कधी घडी चुकली नव्हती. आता या बाईला सांगायचं की तुमचा हिवाळा वाया गेला, आणि कारण काय, तर मी साधं विचारलं नाही. त्या क्षणी मला एकच माणूस आठवलं. मी खिशातून फोन काढला आणि एडिसनला आईला लावला. स्पीकर ऑन केला.

"आई, ऐक. घाई आहे. जाड काठाची साडी असली, आणि लांबीला कमी असली, तर घडी कशी बसवायची?"

"आत्ता? कुठे आहेस तू?"

"ड्यूटीवर. दफन आहे."

"अगं बाई! कोण गेलं?"

"आठ जण, आई. दोनशे वर्षांपूर्वी."

"आणि आज नेताय?"

"आई!"

"बरं बरं. जाड आहे म्हणजे इरकली की पैठणी?"

"घोंगडीसारखी समज. आणि एकच रंग वर दिसायला हवा. दुसरं टोक बाहेर येतंय."

"मग येणारच. आधी दुसरं टोक वीतभर आत घे. आत दुमड आणि मग सुरू कर. जाड कापडाला घड्या कमीच बसतात, तू मोजून ठेवलेल्या घालायला जाऊ नकोस. कापड सांगेल तेवढ्या घाल. आणि समोर कोण आहे?"

"दोघं आहेत, घालणारे."

"त्यांना दे फोन."

"आई, त्यांना मराठी—"

"इंग्लिश येतं मला."

मी फोन पेटीच्या कडेला धरला. माझी शहात्तर वर्षांची आई, नागपूरच्या कॉन्व्हेंटमधल्या इंग्रजीत, माझ्या टीमला ब्रीफिंग देऊ लागली. सांगितलं ते असं: निळ्या टोकाला उभा आहे त्यानं ओढायचं नाही. कापड फक्त झोळ न पडता धरायचं. समोरचा घडी घेऊन पुढे येतोय ना, त्याला येऊ द्यायचं. त्यानं एक पाऊल टाकलं की आपण हात तेवढा सैल करायचा. ओढाओढी केली की घडी तिरकी जाते, मग कितीही चांगली साडी असो. समजलं?

"येस, मॅम," रुईझ म्हणाला.

"येस, आई," ब्रँट म्हणाला. मी तिला आई म्हणते, तेव्हा त्याला तेच तिचं नाव वाटलं.

"गुड बॉईज," आई म्हणाली. "माझा चहा गार होतोय." आणि फोन ठेवला.

चौथी खेप ०८५२. ब्रँटनं पट्ट्यांच्या टोकावर हाताची वीत टाकली. त्याची वीत म्हणजे आपली दीड. मी म्हटलं, "माझी घे." माझ्या वितीइतकं टोक त्यानं आत दुमडलं. रुईझनं हात सैल केले. एक. दोन. तीन. ब्रँट पुढे येत होता, रुईझ त्याच्या हातांकडे बघत होता. पहिल्यांदाच बघत होता म्हणा ना. पाच. सहा. आठव्या घडीला दोघं एकदम म्हणाले, "हळू." नऊ. दहा. निळं टोक बरोबर तेवढंच उरलं. रुईझनं ते आत खोचलं.

मी घडी हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली. कुठेही लाल नाही. लेफ्टनंट पीअर्सनं ती घेतली, खिडकीपाशी नेली, तिन्ही कोपऱ्यांवरून बोट फिरवलं.

"हा झेंडा," तो म्हणाला.

मिसेस डॉयल उठल्या नाहीत. त्यांनी पर्समधून रुमाल काढला, चष्मा काढला, आणि चष्मा पुसत बसल्या. आम्ही झेंडा परत पेटीवर पसरला. ब्रँटनं त्याच्या कडा जरुरीपेक्षा जास्त वेळ सरळ केल्या. पेटीकडे बघून तो हळूच काहीतरी बोलला. माफी मागितली असावी. मी विचारलं नाही.

दफन ११०० ला. तळ्यावरून वारा येत होता, गावातली दोन-अडीचशे माणसं उभी होती. तीन फैरी झाल्या, बिगूल झाला. मग घडी. मी चार पावलांवर होते. दहा आकडे मी मनात त्यांच्याबरोबर मोजले, आणि दहाव्याला माझा श्वास सुटला.

नातेवाईक कोणी नव्हते, असणार कुठून. गावानं ठरवलं होतं की घडी मिसेस डॉयल घेतील. लेफ्टनंट त्यांच्यासमोर गुडघ्यावर बसला आणि ठरलेली वाक्यं बोलला, कृतज्ञ देशाच्या वतीनं वगैरे. त्या म्हणाल्या, "पण मी यांची कोणी लागत नाही."

हे पुस्तकात नव्हतं. लेफ्टनंटचे कान लाल झाले. मग तो म्हणाला, "दुसरं कोणी आलेलं नाही, मॅम."

त्यांनी घडी छातीशी धरली. मग मात्र त्या रडल्या, आणि मीही रडले. गॉगल होता म्हणून निभावलं.

परतीला मी नेहमीसारखी पुढे बसले. तासाभरानं मागून आवाज आला.

"खिडकी लाव."

"तूच लाव, तुझ्या बाजूला आहे."

"तुझा कोपर मध्ये आहे."

"मग सांग ना कोपर काढ म्हणून!"

मी मागे वळले नाही. सहा महिन्यांत पहिल्यांदा ते माझ्याशिवाय भांडत होते. इतकं बरं वाटलं मला, की पुढच्या थांब्यावर सगळ्यांना माझ्यातर्फे ॲपल पाय खायला घातला. मतं दोघांची होती तिथेच राहिली. पुढच्या निवडणुकीला परत जुंपली. पण दोघं एकमेकांशीच भांडायचे, मला मध्ये घालत नव्हते.

त्यानंतरच्या वर्षी ब्रँटची नेमणूक देशाबाहेर झाली. मी त्याला निरोप द्यायला गेले, तेव्हा आईनं त्याच्यासाठी चिवड्याचा डबा पाठवला होता. आठ महिन्यांनी वाळवंटातल्या एका रस्त्यावर त्याचा ट्रक उलटला. गोळी नाही, बॉम्ब नाही. रस्ता खचला होता, एवढंच. ब्रँट एकतीस वर्षांचा होता.

मी निवृत्तीचे कागद भरले होते. ते थांबवले आणि ब्रँटच्या दफनाची ही एक ड्यूटी मागून घेतली. रुईझनं पट्ट्यांचं टोक मागितलं, ब्रँटची जागा. निळं टोक मी धरलं. झेंडा नेहमीचा होता, सुती, तेरा पट्ट्यांचा. दक्षिण जर्सीतलं लहान दफनस्थान, मागे टोमॅटोची शेतं, आणि पुढच्या रांगेत ब्रँटची आई, त्याच्यासारखीच उंच.

घडी सुरू करायच्या आधी रुईझनं पांढऱ्या हातमोज्याची वीत कापडावर टाकली. मापली, आणि उचलली. या झेंड्याला तिची गरज नव्हती, त्यालाही माहीत होतं. मग तो माझ्याकडे चालत आला. मी ओढलं नाही. त्याला येऊ दिलं. त्याचे ओठ हलत होते. एक, दोन, तीन, पर्थ ॲम्बॉयच्या उच्चारात, पार तेरापर्यंत.

तळ्याकाठच्या त्या आठांची नावं अजून कळलेली नाहीत. मिसेस डॉयल दर नाताळला कार्ड पाठवतात, त्यात लिहितात की शोध चालू आहे. आमच्याकडच्या एकाचं नाव मला माहीत आहे, म्हणून ते इथे लिहून ठेवते. स्पेशलिस्ट डॅनियल ब्रँट. प्लंबर. मराठीत तेरापर्यंत मोजायचा.

त्या दिवशी घरी आले, तर आई जेवायची थांबली होती. वर्दी काढायच्या आधीच तिनं विचारलं, "त्या 'येस, आई' म्हणणाऱ्याची घडी नीट बसली का गं?"

"बसली, आई," मी म्हटलं. "लाल दिसलं नाही."